नागपूरच्या काकूंचा रेडमंडचा गणपती

आमच्या अमेरिकेतल्या, रेडमंडच्या गणपतीचे किस्से आरत्यांसारखे आहेत. एक संपतोय असं वाटेपर्यंत मागून कोणीतरी दुसरा उचलतं, आणि मग ज्याला जेवायची घाई असते तोसुद्धा टाळ्या वाजवत थांबतो. परवा मोदकाच्या उकडीचं प्रमाण विचारायला मनीषाला फोन केला. फोन तासाभराने संपला, आणि प्रमाण विचारायचं राहूनच गेलं. म्हटलं, आता हे लिहूनच टाकू या.

मनीषा आणि तिचा नवरा शेखर आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. शेखर नागपूरचा, एकुलता एक. त्याचे वडील गेले, नागपूरचं घर बंद झालं आणि २००४ पासून काकू, म्हणजे शेखरची आई, दर वर्षी सहा महिने इकडे येऊ लागल्या. त्यांची अट एकच होती. "घरचा गणपती खंडित होता कामा नये. तो तुझ्याकडे बसणार असेल, तर मी येते."

दीड दिवसाचाच गणपती. पण काकांच्या मागे त्यांचं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे भाद्रपद आला की गणपती नीट बसून नीट उठेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

*

पहिल्या वर्षी मूर्तीच मिळेना. अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, एडिसनच्या देशी दुकानात फोन केला, तर म्हणाले संपल्या. शेवटी नितीनने जबाबदारी घेतली. नितीन आमच्यातला बॅचलर, मुंबईचा, शेखरच्याच सॉफ्टवेअरच्या टीममधला. क्राफ्टच्या दुकानातून माती आणून त्याने दोन रविवार खपून मूर्ती केली.

मूर्ती खरंच सुबक झाली होती. सोंड डावीकडे, पोट व्यवस्थित, डोळे प्रसन्न. फक्त उपरणं त्याने गळ्यापासून सरळ खाली पोटावर सोडलं होतं आणि लाल-निळ्या तिरक्या पट्ट्यांनी रंगवलं होतं. आम्ही बघत राहिलो. हुबेहूब ऑफिसातला आमचा डायरेक्टर, रिव्ह्यू घ्यायला बसलेला!

काकूंनी चष्मा लावून मूर्ती नीट पाहिली. "सोंड कुठल्या बाजूला हवी ते मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "टाय नको हे सांगायचं राहिलं."

*

मग प्रश्न आला पूजा सांगायची कोणी. देवळातल्या गुरुजींना त्या दिवशी बेलव्ह्यूपासून पार दक्षिणेपर्यंत बोलावणी होती. आमच्या सगळ्यांत पूजा मुखोद्गत असणारा एकच माणूस निघाला, आणि तो म्हणजे नितीन. लहानपणी आजोबांनी त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं. अडचण एवढीच की नितीन पक्का नास्तिक. साधा नाही, भाषण देणारा.

तो पाटावर बसला आणि म्हणाला, "काकू, एक आधीच क्लिअर करतो. मी मंत्र म्हणीन, पण माझा यातल्या कशावरही विश्वास नाही."

काकूंनी त्याच्या हातात पळी दिली. "देवाने तुझं मत विचारलंय का? आचमन कर."

पुढच्या वर्षी चतुर्थी आठवड्याच्या मधेच आली आणि नितीनच्या प्रोजेक्टचा रिलीज त्याच दिवशी. नितीनने सुट्टी मागितली. त्याच्या गुजराती मॅनेजरला नितीनची मतं पाठ होती. तो म्हणाला, "यार, तू तर देव मानत नाहीस. मग नाही गेलास तर काय होईल?"

"देव काही म्हणणार नाही," नितीन म्हणाला, "काकू म्हणतील." सुट्टी मिळाली.

*

माझाही एक किस्सा आहे, तो मनीषा माझ्यादेखत सगळ्यांना सांगते.

काकूंची संकष्टी असायची. त्यांचं बघून मीही धरली. चंद्र बघून जेवायचं, हे नियम म्हणून सोपं आहे, पण रेडमंडच्या आभाळात मला सूर्य दिसायची मारामार, तिथे चंद्र कुठला दिसायला? दोन संकष्ट्या मी उपाशीपोटी ढगांकडे पाहत काढल्या. तिसऱ्या वेळी मला युक्ती सुचली. माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर पुण्याचं, त्यातली चंद्रोदयाची वेळ पुण्याची. मी सकाळी उठून आईला पुण्याला फोन केला. तिकडे रात्र होती.

"आई, चंद्र दिसला का गं?"

"दिसला की. आत्ताच अर्घ्य देऊन आले."

मी फोन ठेवला आणि डोसा घातला. माझा उपास ब्रेकफास्टच्या आधीच संपला होता. मी हे मोठ्या अभिमानाने काकूंना सांगितलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "चांगलं केलंस. चंद्र तिकडचा धरलास, तर पुण्यही तिकडेच आईच्या नावावर जमा होईल."

*

विसर्जनाला तळ्यावर परवानगी नसणार, असं आम्ही गृहीतच धरलं होतं. खरं म्हणजे कोणी विचारलीच नव्हती. गणपती बाल्कनीत मोठ्या बादलीत विसर्जित व्हायचा. माती विरघळली की ते पाणी झाडाला घालायचं, पायदळी येऊ द्यायचं नाही, हा काकूंचा दंडक. पण झाड कोणाचं? खालच्या मजल्यावर लिंडा राहायची. एकटी, रिटायर्ड, तिच्या दारात गुलाबांच्या कुंड्या. शेखरने तिला समजावून सांगितलं. तिला काय समजलं देव जाणे, पण तिने हो म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गुलाबांना असा बहर आला की येणारेजाणारे थांबून बघायचे. ऑगस्ट लागताच लिंडाने शेखरचं दार वाजवलं. तिला एकच विचारायचं होतं, "तुमचे ते हत्तीचं डोकं असलेले पाहुणे या वर्षी नक्की येतायत ना?"

हे ऐकून काकूंना भारी समाधान वाटलं. "पुढच्या वर्षी लवकर या असं आपण सगळेच ओरडतो," त्या म्हणाल्या. "मनापासून वाट पाहणारी ती एकटीच."

*

आता २००७. त्या वर्षी मनीषाला दिवस गेले होते. आधी दोनदा निराशा झाली होती, म्हणून या वेळी कोणी मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही. तारीख ऑक्टोबरची होती, गणपती सप्टेंबरात. काकूंनी मनातल्या मनात हिशेब मांडून सुटकेचा श्वास टाकला होता. घरात बाळ जन्मलं की घरच्यांना दहा दिवस सोयर. म्हणजे देवाला हात लावायचा नाही, नैवेद्य करायचा नाही. तेवढं टळलं होतं.

शनिवारी गणपती बसला, संध्याकाळची आरती झाली आणि मनीषाला कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब आणा, बाळ आडवं आहे, ऑपरेशन करावं लागेल असं दिसतंय. गाडीची किल्ली माझ्या नवऱ्याने शेखरच्या हातातून काढून घेतली.

काकू दारापर्यंत आल्या. सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाल्या, "हे बघ, बाळ झाल्याचं मला कळलं की मला सोयर लागलं. उद्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत मला काही कळवू नकोस. सगळं ठीक असलं, तर फोन करायचा नाही." मग थांबून हळूच म्हणाल्या, "वाईट काही असलं, तर मात्र लगेच कर."

म्हणजे बघा. फोन वाजला नाही, तर आनंद. वाजला, तर संपलंच.

रविवारी सकाळी काकू दहीपोह्यांच्या नैवेद्याची तयारी करत होत्या. मी आणि नितीन मदतीला होतो. मदत कसली, तिघंही फोनकडे पाहत बसलो होतो. आणि तो वाजला.

काकूंच्या हातातली वाटी ओट्यावर आडवी झाली. नितीनने फोन उचलला. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघतोय. तो दोनदा "नो" म्हणाला, एकदा "थँक यू" म्हणाला आणि फोन ठेवला.

"कार्पेट क्लीनिंगवाला," नितीन म्हणाला.

काकू खुर्चीवर बसल्या. मला तर रडूच आलं. त्यानंतर थोड्याच वेळाने माझा सेलफोन थरथरला, शेखर होता. मी बाल्कनीत पळाले. मुलगी! ऑपरेशन करावं लागलं, पण दोघी सुखरूप. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. पण आत जाऊन काकूंसमोर उभं राहायचं होतं. मी ऑफिसातले सगळे उघडे बग्स आठवत, चेहरा कोरा ठेवून आत गेले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

मी नितीनला डोळ्यांनीच सांगितलं. सोयर-सुतक म्हणजे शुद्ध वेडेपणा, यावर दर वर्षी भाषण देणारा हा माणूस आता स्वयंपाकघराच्या दारात रखवालदारासारखा उभा राहिला. तिथूनच त्याने मला दटावलं, "तू आता काकूंशी बोलूच नकोस. तुझा आवाज फुटेल."

ताम्हन मांडलं, निरांजन लावलं, नितीन पाटावर बसणार एवढ्यात दारावर टकटक झाली. मी उघडलं. लिंडा. आनंदाच्या भरात शेखरने तिलाही फोन केला होता, आणि आमच्या गडबडीत तिला नियम सांगायचा राहून गेला होता. तिच्या हातात भलामोठा गुलाबी फुगा, त्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, "इट्स अ गर्ल!" मी अडवेपर्यंत तिने आत येऊन तो काकूंच्या हातात दिला, आणि त्यांना घट्ट मिठी मारली.

नितीनने डोळे मिटून घेतले.

आणि काकू कोण, तर नागपूरच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या बाई. अजूनही आमच्या ईमेलमधल्या चुका काढणाऱ्या.

काकूंनी फुगा समोर धरला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो वाचला. मग परत एकदा वाचला. डोळे भरून वाहायला लागले, ते त्यांनी पदराने पुसले. लिंडाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग फुगा खुर्चीला बांधला आणि आमच्याकडे वळल्या.

"काय पाहून राहिले असे? छान आहे फुगा. काय लिहिलंय कोण जाणे, मला कुठे इंग्रजी येतं. नितीन, बस पूजेला."