शुक्रवारी सात ते साडेसात वीज बंद

आमच्या श्रमसाफल्य सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकर शेलार यांचा, फळ्यावर लिहिल्याशिवाय जगात काही घडू शकतं, यावर विश्वास नाही. टाकी धुवायची असो की सातव्या मजल्यावरचं कुणी वारलेलं असो, आधी तळमजल्यावरच्या फळ्यावर टपोऱ्या अक्षरात 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' उमटणार, मग पुढचं सगळं. मी सोसायटीचा अध्यक्ष आहे. अध्यक्ष म्हणजे सेक्रेटरी बोट ठेवेल तिथे सही करणारा माणूस.

प्रभाकर एकतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. स्लिपवर फोरमनची सही नसेल तर हा साधा वॉशर द्यायचा नाही. एकदा खुद्द मालक केबिनचा बल्ब गेला म्हणून खाली आले, तर ह्याने त्यांनाही स्लिप आणायला परत पाठवलं. ही गोष्ट तो छाती फुगवून सांगतो. मालक काय म्हणाले ते सांगत नाही.

असा माणूस सेक्रेटरी झाला की काय होतं ते चौथ्या मजल्यावरच्या संदेश आणि मेघनाला विचारा. लग्नाला आठ महिने झालेले, घर वन बीएचके, त्यात आईवडील आणि एक आत्या. एका संध्याकाळी दोघं गच्चीवर टाकीच्या मागे उभी होती आणि त्याच वेळी प्रभाकर पाण्याची पातळी बघायला गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस: 'गच्ची ही सामायिक जागा असून तेथे सभासदांनी परस्परांत सभ्य अंतर राखावे.' आणि गच्चीला कुलूप.

"अरे, नवराबायको आहेत ते," मी म्हटलं.

"मग घर आहे ना त्यांना!"

आमच्याकडे घर असणं आणि त्या घरात बायकोचा मुका घेण्यापुरती जागा असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे प्रभाकरला कळायला हवं होतं. कारण तीस वर्षांपूर्वी हेच दुःख त्याच्या वाट्याला आलेलं. श्रमसाफल्य तेव्हा आयरे रोडवरची तीन मजली जुनी इमारत होती. दोन खोल्यांत ह्याचे आईवडील, धाकटा भाऊ आणि नवी नवरी उत्तरा, कल्याणच्या एका शाळेत शिक्षिका. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एका विटेची भिंत होती. त्यामुळे शेजारच्या संसाराची माहिती काढायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

ह्या दोघांना तारलं ते डोंबिवलीच्या विजेने. ती मनात येईल तेव्हा जायची. दिवे गेले की अख्खी इमारत "गेलेऽऽ" म्हणून ओरडायची आणि भिंतीपलीकडून प्रभाकरचा आवाज यायचा, "उत्तरा, मेणबत्ती कुठे ठेवलीस?" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "इथेच कुठेतरी असेल, शोधते." मग बराच वेळ कुणाचाच आवाज नाही. दोन खोल्यांच्या घरात एक मेणबत्ती सापडायला त्यांना दहा-बारा मिनिटं लागायची. बाहेरच्या खोलीतून ह्याची आई, हौसाबाई, करवादायची, "आरं, काडीपेटी तरी घावली का?"

पुढे लोडशेडिंगचं वेळापत्रकच पेपरात यायला लागलं. लोक शिव्या घालत होते. प्रभाकरने वेळापत्रक कात्रीने नीट कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. इतक्या नेमाने मुका घेणारं जोडपं तेव्हाच्या डोंबिवलीत दुसरं नसेल. भांडण झालेलं असलं तरी वेळ चुकत नसे, आणि दिवे परत येईपर्यंत भांडण कशावरून होतं ते दोघांनाही आठवत नसे. त्यांचा संसार त्या दहा मिनिटांवर उभा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीला कान लावून बनवलेलं असलं म्हणून मत खोटं ठरत नाही.

मग लोडशेडिंग संपलं. इमारत पाडून सात मजली झाली, लिफ्ट आली. पाचव्या मजल्यावरच्या नव्या घरात प्रभाकरने सगळ्यांत आधी काय बसवलं असेल, तर इन्व्हर्टर. बसायच्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणं म्हणतात ते हेच.

आता तीन खोल्या आहेत. दारांना कड्या आहेत, हौसाबाईंना ऐकू कमी येतं, मुलगी योगिनी लग्न होऊन पुण्याला गेली. मुका घ्यायला कुणाची आडकाठी उरली नाही, म्हणून कुणी घेत नाही. गेल्या वर्षी दोघंही रिटायर झाली आणि दिवसभर समोरासमोर आली. सकाळी तो म्हणतो, "पाणी आलं." ती म्हणते, "भरलं." झाला संवाद. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी 'रोज चुंबन घेणाऱ्या जोडप्यांचं नातं घट्ट राहतं' असा लेख टाकला. प्रभाकरने तो पाच मिनिटांत उडवला आणि 'कृपया विषयास धरून' असा शेरा मारला. उडवण्याआधी त्याने तो स्वतःला पाठवून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

दिवाळी झाली आणि योगिनीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. आई, तू ये, म्हणाली, सहा-सात महिने तरी राहा. उत्तरा स्पीकरवर बोलत होती आणि हा पेपरामागे बसला होता.

"येते की," उत्तरा म्हणाली. "इथे माझं कुठे काय अडतंय?"

त्याच संध्याकाळी प्रभाकर माझ्याकडे आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"ती परत नाही येणार रे. परतीचं काय विचारलं, तर म्हणते बघू."

"भांडलात का?"

"नाही ना! भांडायला तरी मधे काहीतरी लागतं."

हा माणूस माझ्यासमोर रडवेला झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाईट वाटलं. म्हणून स्पष्टच बोललो, "प्रभाकर, जवळ घे तिला. मुका घे."

त्याने दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "उजेडात?"

"म्हणजे काय?"

"मला उजेडात कधी जमलेलंच नाही रे. आता तीस वर्षांनी एकदम तोंड जवळ नेलं तर तिला वाटेल मला चक्कर आली. डॉक्टरला फोन करेल ती."

उत्तरा रविवारी निघणार होती. मंगळवारी फळ्यावर नोटीस लागली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मीटर रूममधील अत्यावश्यक कामाकरिता शुक्रवारी सायंकाळी ७ ते ७.३० वीज बंद राहील. लिफ्ट वापरू नये. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

"उद्याच का नाही?" मी विचारलं.

"तीन दिवस आधी कळवावं लागतं. ठरावच आहे तसा."

लग्नाच्या बायकोचा मुका घेण्यासाठी सात मजल्यांना तीन दिवसांची नोटीस देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अत्यावश्यक काम म्हणजे मी. शुक्रवारी सातला मेन स्विच पाडायचा, साडेसातला चढवायचा, आणि मधे कुणाला मीटर रूममध्ये येऊ द्यायचं नाही, एवढी माझ्यावर जबाबदारी. माझी बायको वैशाली वर अंधारात एकटी बसणार होती, हा मुद्दा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

सातच्या ठोक्याला मी स्विच पाडला. आणि काय सांगू, इतक्या वर्षांनी सगळ्या खिडक्यांतून एकदम आवाज आला, "गेलेऽऽ!" प्रभाकर माझ्या शेजारी उभा होता, तो तसाच जिन्याकडे पळाला. मोबाइलचा टॉर्चसुद्धा लावला नाही. म्हणाला, अंधाराची सवय मोडायला नको.

पुढचं त्याने मला नंतर तीनदा सांगितलं, त्यामुळे पाठ आहे. पाच मजले चढून, धापा टाकत त्याने दार ढकललं, तर आत लखलखाट. पंखा चालू, टीव्ही चालू, उत्तरा सोफ्यावर बसून बॅग भरतेय. अख्खी इमारत काळोखात आणि एकट्या सेक्रेटरीच्या घरी उजेड. बाकी सगळ्याची नोंद घेणारा हा माणूस स्वतःचा इन्व्हर्टर विसरला होता!

"नोटीस वाचली ना, म्हणून सकाळीच बॅटरीत पाणी घातलं," उत्तरा म्हणाली. "आईंच्या खोलीत इमर्जन्सी दिवाही लावून ठेवलाय."

प्रभाकर दारामागे गेला आणि त्याने इन्व्हर्टर बंद केला.

"अहो, काय करताय?"

"गरम झालाय तो."

"घाम तुम्हाला आलाय आणि गरम तो झालाय? बसा आधी. पाणी देऊ का?"

तो बसला नाही. हौसाबाईंच्या दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, तेवढीच. घसा खाकरून त्याने विचारलं, "उत्तरा, मेणबत्ती कुठे ठेवलीस?"

"मेणबत्ती? आपल्याकडे कुठली आलीय मेणबत्ती, इन्व्हर्टर घेतल्यापासून..."

आणि ती मध्येच थांबली.

किती वेळ थांबली ते प्रभाकरला सांगता येत नाही. एकदा दोन मिनिटं म्हणतो, एकदा वर्षभर म्हणतो. मग बॅगेची चेन बंद केल्याचा आवाज आला आणि ती हळू म्हणाली, "इथेच कुठेतरी असेल. शोधते."

तेवढ्यात दाराच्या फटीतली ती उजेडाची रेघही गेली. आतून, जिला टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत त्या हौसाबाईचा खणखणीत आवाज आला.

"काडीपेटी माज्या उशाखाली हाय. तवाबी हितंच आसायची. शोदा तुमी सावकाश."

मीटर रूममध्ये मला यातलं काही माहीत नव्हतं. नंतर ऐकलं तेव्हा मात्र मला गलबलून आलं. आम्ही भिंतीअलीकडे बसून ती म्हातारी खाष्ट आहे असं म्हणायचो. ती काडीपेटीवर डोकं ठेवून, लेकासुनेला वेळ मिळावा म्हणून अंधारात जागी पडून राहायची.

सात सत्तावीसला माझा फोन वाजला.

"दहा मिनिटं वाढव," प्रभाकर कुजबुजला.

"नोटिशीत साडेसात लिहिलंय."

"नोटीस गेली खड्ड्यात!"

ज्याने मालकाला बल्ब दिला नाही, त्याच्या तोंडचं हे वाक्य. मी पावणेआठपर्यंत स्विचला हात लावला नाही. नंतर तिसऱ्या मजल्यावरून कुणाची तरी मीटिंग बुडाल्याची तक्रार आली. चौथ्या मजल्यावरून तक्रार आली नाही. वैशालीने मात्र मला ठणकावलं, "पुढच्या वेळी स्विच दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा." शनिवारी सकाळी गच्चीचं कुलूप निघालं होतं.

रविवारी उत्तरा निघाली. मी बॅगा उचलायला खाली गेलेलो. कल्याण स्टेशनला जायला रिक्षा गेटपाशी उभी होती. उत्तरा आत बसली आणि तिने प्रभाकरला विचारलं, "मीटर रूमचं पुढचं काम कधी आहे?"

"ते... कमिटीपुढे ठेवावं लागेल," प्रभाकर माझ्याकडे बघत म्हणाला.

"ठेवा. तारीख ठरली की तीन दिवस आधी कळवा. योगिनीपाशी तिच्या सासूबाईंना बसवून मी येऊन जाईन."

प्रभाकरने रिक्षात डोकं घातलं. मला वाटलं, पोचल्यावर फोन कर वगैरे सांगतोय. पण डोकं लवकर बाहेर येईना. अकरा वाजलेले, ऊन टळटळीत, वॉचमन बघतोय, रिक्षावाला आरशात बघतोय. शेवटी मीच दुसरीकडे तोंड वळवलं.

रिक्षा गेल्यावर मी मुद्दाम आत येऊन फळा पाहिला. कोरा होता.