कंप्युटरला फोडलेला नारळ

फोन वाजला की काका तो उचलायचे, कानापासून चार बोटं लांब धरायचे आणि पलीकडून शब्द यायच्या आत म्हणायचे, "थांब, आईला देतो."

फोन लेकीचा असायचा. ती कॅनडात. तिचं "बाबा, कसे आहात?" पुरं व्हायच्या आत फोन काकूंच्या हातात गेलेला असायचा. मग काकू तासभर बोलायच्या आणि काका ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत सगळं ऐकायचे. मध्येच "विचार तिला, बर्फ हाय का अजून?" असा एखादा सवाल काकूंमार्फत कॅनडाला रवाना व्हायचा. तुमच्या घरातही असा एक बाप असेलच. नसेल तर शेजारी डोकावा.

माझं बोर्लीला कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काकांची वाडी दिवेआगरला, नारळी-पोफळीची, आणि पुढच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या. खोल्यांच्या बुकिंगसाठी लेकीने घेऊन दिलेला कंप्युटर सारखा माझ्याकडे यायचा. एकदा त्यात मुंग्यांनी घर केलं होतं, एकदा पालीने अंडी घातली होती. मी वैतागायचे, काका म्हणायचे, "जिवंत जागा हाय गो, येणारच." आमची ओळख अशी पालीच्या अंड्यांपासूनची.

मग काकू गेल्या. ध्यानीमनी नसताना गेल्या. लेकीचे कॅनडातल्या व्हिसाचे कागद नेमके तेव्हाच अडकलेले, ते सुटेपर्यंत तिथून हलता येईना. तिला येता आलं नाही.

त्यानंतरही तिचा फोन यायचा. एकदा मी समोरच होते. काकांनी उचलला, "थांब," म्हणाले आणि तिथेच अडकले. फोन द्यायचा कुणाला? मग म्हणाले, "जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

काकांनी अडकित्ता उचलून परत ठेवला. शेवटी काका म्हणाले, "बरं, ठेवतो. रेंज न्हाय हितं."

रेंजच्या सगळ्या दांड्या होत्या. मी बघत होते ना!

आणि एक दिवस हा माणूस बोर्लीला दुकानात येऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पोरी, मला एका गावात जायचंय. कंप्युटरातल्या."

मला वाटलं, ऊन लागलं बहुतेक. पाणी दिलं. मग हळूहळू उलगडा झाला. लेक सुट्टीच्या दिवशी एक ऑनलाइन गेम खेळते. त्यात गाव आहे, जंगल आहे, आपण कुणीतरी व्हायचं आणि जगभरच्या माणसांबरोबर हिंडायचं, बोलायचं. फोनवर ती सहज बोलून गेली आणि यांनी विचारलं, "मी येऊ?" तिला आधी खरंच वाटेना. मग म्हणाली, "या की, बाबा." येत्या रविवारी, आपल्या सकाळी, गावाच्या वेशीवर ती थांबणार होती.

"काका," मी म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? फोनवरच बोला की."

"फोनवर काय बोलू? नुसतं बसून बोलायला मला जन्मात जमलं न्हाय. वाडीत माडांच्या बुंध्याशी आळी करताना, सुपारी सोलताना दोन शब्द आपोआप निघतात. हाताला काम पायजे." मग म्हणाले, "तिला वाटतंय मी रागावलोय. आईच्या वेळी आली न्हाय म्हणून."

"रागावलायत?"

"न्हाय गो! पण हे सांगायचं कसं, ते तरी सांग."

मी त्यांच्या कंप्युटरचं बघायला घेतलं.

तो कंप्युटर म्हणजे बैलगाडी. असले गेम चालवायला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, मेमरी लागते. सगळं मागवलं आणि शनिवारी दुपारी पिशवी घेऊन वाडीवर गेले. कार्ड बसवलं, गेम उतरवायला लावला. दिवेआगरात लाइट आणि इंटरनेट दोघं एकाच वेळी हजर असणं म्हणजे लग्नात रुसलेले दोन जावई एका पंगतीला बसवण्यासारखं आहे. पण उतरला एकदाचा.

आता गेममध्ये कोण व्हायचं ते निवडायचं होतं. तलवारवाला योद्धा आला. काका म्हणाले, "याच्या अंगात सदरा न्हाय." तिरंदाज बाई आली. काकांनी मान दुसरीकडे वळवली. "हिच्या तर न्हायच न्हाय." शेवटी आली एक पांढऱ्या केसांची म्हातारी, पायापर्यंत झगा घातलेली. जखमी झालेल्यांना बरं करणं हे तिचं काम. "ही बरी. अंगभर कपडे हायत." मी म्हटलं, काका, ही आजी आहे. "असू दे. पोरीबरोबर हिंडायचं तर सभ्य दिसायला नको?"

मग चालायचा सराव. म्हातारी भिंतीवर आपटली, विहिरीत पडली, समुद्रावर गेली. तिथे एक नारळाचं झाड होतं. काका खुर्चीतून अर्धवट उठलेच. "माडाला फांद्या? कुणी काढलाय हा माड? त्याला बोलव इकडं!"

माझी हसून पुरेवाट झाली. तेवढ्यात लाइट गेली. कंप्युटरच्या आतल्या पंख्याची एक वायर घट्ट करायची राहिली होती, म्हणून त्याच्या डब्याची बाजू उघडीच होती. लाइट येईपर्यंत हातपाय धुवावेत म्हणून मी विहिरीवर गेले. घरातून आवाज आला. ठक्! पुन्हा ठक्!

आत येऊन बघते तर काका एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात नारळ धरून उभे, नारळाची फट खाली, आणि पाण्याची धार थेट उघड्या डब्यात.

"काका! अहो काय करताय हे!"

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या वाड्यांमध्ये नवीन यंत्राला नारळ फोडल्याशिवाय ते कामाला लावत नाहीत. पाण्याच्या पंपाला फोडतात, त्यावर ते पाणी शिंपडतात, हळदकुंकू लावतात. पंप दणकट, त्याला काय होतंय! लेकीच्या पहिल्या सायकलला फोडला होता, तीही वर्षानुवर्षं चालली. काकांनी तेच केलं. अहो, निदान शिंपडायचं तरी ना! यांनी अख्खा नारळ ओतला, कारण काम मोठं होतं.

मी इतकी ओरडले की माडावरचे कावळे उडाले. काका तसेच उभे. हळूच म्हणाले, "पंपाला चालतं."

नशीब, लाइट गेलेली होती. मी सगळ्या वायरी उपसल्या, कार्ड पुसलं, मेमरी पुसली, सगळं कापडावर मांडलं. "पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. उद्या काही व्हायचं नाही."

काकांचा चेहरा पार उतरला. "ती वेशीवर येऊन उभी राहील गो. मी दिसलो न्हाय तर तिला वाटेल, बापाला यायचंच नव्हतं."

"मग फोन करून सांगा."

"तू सांग."

"मी नाही सांगणार. नारळ कुणी फोडला?"

मी रागात होते म्हणून बोलले, नाहीतर माझ्या तोंडून निघालं नसतं. काकांनी इकडे तिकडे बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी फोन घेतला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून लेकीचा नंबर लावला. तिच्याकडे नुकतं उजाडलेलं. फोन नेहमीसारखा कानापासून चार बोटं लांब, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?" ती घाबरलीच.

"बरा हाय. उद्या जमायचं न्हाय. कंप्युटर भिजलाय."

"भिजला? पाऊस आहे?"

"न्हाय. नारळ फोडला त्याला."

पलीकडून बारीक आवाजात, "कंप्युटरवर?"

"वर न्हाय. आत."

ती जी हसत सुटली! फोन स्पीकरवर नव्हता तरी अंगणापर्यंत ऐकू गेलं असतं. काका आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. हसता हसता ती म्हणाली, "आई असती तर..."

"आई असती तर कोयता काढून घेतला असता न् मला वाडीत हाकललं असतं."

आणि मग हसण्यातच तिचा आवाज फुटला. ती काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. काकांचं कळलं. फोन त्यांनी कानाला घट्ट लावला होता.

"अगो, कागद अडले त्यात तुझी काय चूक? मी रागावलो असतो तर म्हातारीचा झगा घालून तुझ्या गावात यायला निघालो असतो का? मला तुझी आठवण येते. एवढंच सांगायचं होतं. त्यापायी हा सगळा उपद्व्याप."

मी पुन्हा विहिरीवर गेले आणि तोंड धुतलं. धुतलेलंच होतं, पण धुतलं.

लाइट आली, मी खोबऱ्याचे दोन तुकडे खाल्ले, चहा करून घेतला, तरी काकांचं संपेना. लेकीला माडाच्या फांद्या सांगून झाल्या, माझा आरडाओरडा सांगून झाला. "बोर्लीची ती, लई तोंडाळ हाय, पण गुणाची," असंही ऐकलं. मी हात करून निघाले तर त्यांनी बघितलंही नाही.

कंप्युटर सुकला आणि सुरू झाला. काका म्हणतात नारळामुळे, मी म्हणते पंख्याखाली सुकवल्यामुळे. पुढच्या रविवारी बाप-लेक वेशीवर भेटले. लेकीने "बाबा, तुम्ही आजी?" म्हणून आणखी एकदा हसून घेतलं. मग हे रविवारचं ठरूनच गेलं. ती लांडग्यांशी लढायची आणि म्हातारी मागून तिच्या जखमा भरत ओरडायची, "हो बाजूला मेल्या, माझी पोर हाय ती!" शेजारच्या वाडीतले लोक काकांचा ओरडा ऐकून कुंपणाशी यायचे.

सध्या काका वाडीत नाहीत. लेकीने तिकीट काढून त्यांना नेलंय, चांगले दिवाळीपर्यंत. वाडीला पाणी शेजारी लावतात. मी त्या बाजूला गेले की बंद दाराकडे बघून उगाचच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा न राहवून दुकानातून त्या गेममध्ये शिरले. झगा घातलेली म्हातारी आणि तलवारवाली लेक जंगलाच्या वाटेला लागलेली. एकाच घरात बसून दोन कंप्युटरवर खेळत होते दोघं! मी धावत गाठलं आणि लिहिलं, "काका, मी बोर्लीहून. कसे आहात?"

म्हातारी थांबली, वळली. उत्तर आलं, "मग बोलू गो. आत्ता लेकीशी बोलतोय."

आणि दोघंही चालू लागली.