कुंकवाखालची जागा

माझी सासू मला जिवंतपणी कधी आवडली नाही, आणि गेल्यावर आवडायला लागली असंही झालं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं गाव पळसदरीच्या खालच्या अंगाला. माझ्या पाठीवर एक फिकट चट्टा होता, तिथं टोचलं तरी कळायचं नाही. गावात तपासणीला आलेल्या सरकारी बाईंनी तो हेरला. महारोग. संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या बायकांना माझ्या पाठीची माझ्यापेक्षा जास्त माहिती झाली होती. खालापूरच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, औषध चालू आहे तोवर घाबरायचं कारण नाही, बाईला घरात वेगळं ठेवू नका. नवऱ्यानं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. सासूनं नीट ऐकून घेतलं आणि माझं ताट वेगळं केलं.

वर अट घातली. "येक चट्टा हाय तवर ऱ्हाऊ दे. दुसरा उठला का ही म्हायेरी. पोरगी नाय जायाची हिच्यासंगं."

माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. आईपुढे नवऱ्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तेव्हापासून अंघोळीला बसले की मी आधी सगळं अंग चाचपून बघायची.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. या गोळ्यांनी कातडी तांबूस-काळी पडते, ऊन लागलं की जास्तच, कुणाला पुरळही येतो. तेव्हा उन्हात जाऊ नका, पण गोळी सोडू नका. डॉक्टर भला माणूस, पण त्याला भातशेती नव्हती. पाऊस लागायच्या आधी राब भाजावा लागतो, म्हणजे भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण-पाचोळा पसरून तो जाळायचा. ते काम चैत्र-वैशाखाचं, आणि ते कुणी चांदण्यात करत नाही. माझं ताट बाटत होतं, पण डोक्यावरून आणलेला पाचोळ्याचा भारा बाटत नव्हता. तो घ्यायला सासू स्वतः पुढे यायची.

थोड्याच दिवसांत तोंड, मान आणि हात पुरळानं भरले. आग अशी की रात्री ओला पंचा गुंडाळून निजायची. नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालून शेतावर गेले तर बायका म्हणाल्या, "सायब आलं गं." हात आणखी करपायचे वाचले, पण तोंडाला शर्ट कुठून घालणार? पुरळ बसला तेव्हा सगळं तोंड करपल्यासारखं काळं झालं होतं.

शेजारच्या घरी लग्न होतं. हळदीच्या सकाळी मी अंगणात मुलीला मांडीवर घेऊन तेल लावत होते. न्हायचं म्हणून माझ्याही कपाळावरचं कुंकू, खालच्या मेणासकट, तेलानं पुसून काढलं. तेवढ्यात बोलवायला आलेल्या बायकांना घेऊन सासू पुढे आली आणि जागीच थांबली.

"बगा गं. कपाळावर उठला."

बायका मागं सरल्या. मी तेलाच्या वाटीजवळचा आरसा उचलून बघितलं. काळ्या तोंडावर मधोमध बंद्या रुपयाएवढा गोल फिकट चट्टा. दुसरा उठला असंच मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी त्यावर नख रुतवलं. चांगलं कळवळायला झालं. मनगटावरच्या बांगड्या वर सरकवल्या तर त्यांच्याखालीही तशाच फिकट रेघा.

"आत्याबाई, ही कुंकवाची जागा हाय. तिथं ऊन लागलं नाय. मला टोचलेलं कळतंय."

"कुंकवानं चट्टं पडत आस्तं, तं आख्खा गाव महारोगी झाला आस्ता," ती म्हणाली. बायका हसल्या. सासूनं मुलीला माझ्या मांडीवरून उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "ऊठ रं. हिला यष्टीत बसव."

तो उठला. खरंच उठला. सुंठीवाचून खोकला चालला होता, कोण अडवणार?

माझे हात तेलानं माखलेले होते. मी पुढे झाले आणि सासूच्या कपाळावर तळवा दाबून फिरवला. तिचं कुंकू पुसलं. सासरे ओट्यावर बसलेले, जिवंत, धडधाकट. नवरा हयात असताना बाईचं कुंकू कुणी वैऱ्याचंही पुसत नाही.

कुंकवाखाली तसाच गोल फिकट चट्टा. जन्मभर शेतातल्या उन्हात रापलेलं तोंड, आणि मधोमध ती कोरी जागा.

"हितंबी उठलाय," मी म्हटलं. "आत्याबाईंनाबी यष्टीत बसवायचं का?"

कुणी हसलं नाही. सासूनं एका हातानं कपाळ झाकून घेतलं. सासरे ओट्यावरून म्हणाले, "पोरगी दे तिची तिला." एवढंच. मुलगी परत माझ्या मांडीवर आली.

औषध संपलं, रोग गेला, वर्षा-दोन वर्षांत तोंडाचा रंगही बराच निवळला. सासू मात्र त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. नवऱ्याशी मी बोलत होते, कामापुरतं.

पुढे सासरे गेले. भला माणूस होता, मी त्यांच्यासाठी मनापासून रडले. बायकांनी सासूचं कुंकू पुसलं आणि ती गोल जागा पुन्हा उघडी पडली. एवढ्या रडारडीत सासूनं मान वर करून मला शोधून काढलं.

"तू तवाच पुसलं व्हतंस," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी एवढंच बोलली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी मुलगी शाळेच्या गणवेशातच धावत आली होती आणि माझा पदर धरून उभी होती. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "व्हय, पुसलं व्हतं."