दुपट्टा टाकून धरलेली जागा

जगात माणसं फार आणि बसायला जागा थोडी, ही गोष्ट आमच्या भाऊजींइतकी कोणी मनावर घेतली नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याला त्यांची धानाची शेती आहे आणि खांद्यावर लाल काठाचा पांढरा दुपट्टा आहे. बाकीचे लोक दुपट्ट्याने घाम पुसतात, ऊन लागलं तर डोक्याला गुंडाळतात. भाऊजींचा दुपट्टा ही असली हलकी कामं करत नाही. तो फक्त जागा धरतो. तुमसरच्या स्टँडवर एसटी वळण घेऊन थांबायच्या आत तो खिडकीतून आत जाऊन सीटवर पसरलेला असतो. एकदा ते मला नुसते पोचवायला आले होते. गाडीत कंडक्टर सोडला तर चिटपाखरू नव्हतं, तरी दुपट्टा पडला. "भाऊजी, गाडी रिकामी आहे हो," मी म्हटलं. "आता आहे रिकामी, साळेबुवा. भरायले किती वेळ लागते?" असं म्हणून गाडी हलेपर्यंत ते खिडकीशी पहारा देत उभे राहिले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. भाऊजी दुपारीच जाऊन मंडपात समोरची रांग अडवून बसायचे. संध्याकाळी आम्ही सगळे जेवूनखाऊन ऐटीत आपापल्या जागी स्थानापन्न व्हायचो. मग पडदा उघडायच्या बेतात कुणाची तरी आत्या, कुणाचे तरी मामा उशिरा उगवायचे, भाऊजी आपली जागा त्यांना द्यायचे आणि स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. जागा धरणं हा त्यांचा आनंद. तिथं बसणं हे इतरांचं काम. ताई सांगते की स्वतःच्या लग्नात, अक्षता पडल्या न पडल्या तोच नवरदेव बोहल्यावरून नाहीसे झाले. शोधाशोध झाली, तेव्हा मुंडावळ्यांसकट पहिल्या पंगतीत वऱ्हाड्यांसाठी पत्रावळी अडवताना सापडले. ताई ही गोष्ट हसत हसत सांगते. मात्र शेवटी "बोहल्यावर मी एकटीच बसून होती" असं म्हणायला विसरत नाही.

अशा माणसाला आम्ही जहाजाच्या सहलीला नेलं. त्याला कारण ताईचे डोळे. काचबिंदू निघाला होता आणि उशिरा कळला होता. गेली ती नजर परत येत नाही, आहे ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ताई रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मले समुद्र पाहाचा आहे. तुमच्यासंगं." भाचीने लगेच मुंबईहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजाची तिकिटं काढली आणि सोबतीला मला नि माझ्या बायकोला धाडलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. जहाजावरच्या खोल्या झाडणारी मंडळी हौशी असतात. टॉवेलला घड्या घालून त्याचा हत्ती करतात आणि पलंगावर ठेवतात. ताईला हत्तीचं कोण कौतुक! भाऊजी मात्र दारातच थबकले. पलंगावर टॉवेल म्हणजे कुणीतरी आधीच येऊन जागा धरली आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "दुसऱ्याची जागा आहे. आपण नाही बसत बापा," असं म्हणून ते बॅगा घेऊन बाहेर उभे राहिले. खोलीवाल्याने येऊन स्वतःच्या हाताने तो हत्ती मोडला तेव्हा कुठे ते आत शिरले. ताई हत्ती मोडला म्हणून हळहळली.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी आला. वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या हौदाभोवती, आडवं पडायच्या लांब खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळी फटफटायच्या आत भाऊजींनी सावलीतल्या चार खुर्च्यांवर दुपट्टा, ताईची शाल, माझा पंचा आणि एक उशी टाकली आणि विजयी मुद्रेने आम्हाला उठवायला आले. आम्ही वर जाऊन पाहतो तर खुर्च्यांवर दुसरेच लोक पसरलेले. आमचं सगळं सामान नीट घडी करून एका टोपलीत ठेवलेलं. माणूस नसेल तर नुसता कपडा उचलायचा, असा जहाजाचा नियम होता. भाऊजींचा चेहरा पाहवेना. उभ्या आयुष्यात त्यांच्या दुपट्ट्याला कुणी हात लावला नव्हता. "इथी कायदाच नाही राहिला," ते म्हणाले. दुपट्ट्याला मान नाही ना, मग आपण स्वतःच बसायचं, असं त्यांनी ठरवलं.

आणि बसले. ते लोक उठले, त्या क्षणापासून भाऊजी त्या चार खुर्च्यांचे राखणदार झाले. चारही खुर्च्यांवर नजर राहावी म्हणून समुद्राकडे पाठ करून बसायचे. जेवायलाही सगळ्यांच्या आधी जाऊन, दोन घास पोटात ढकलून परत यायचे. ताई मात्र जहाजभर हिंडली. मशीनमधून फिरत फिरत पडणारं आईस्क्रीम तिने शाळकरी पोरीसारखं वरचेवर खाल्लं, काचेच्या लिफ्टमधून उगाच वरखाली केलं, कलिंगड कोरून केलेला मोर जवळ जाऊन, मान तिरपी करून पाहिला. बाजूचं तिला तेव्हाच दिसेनासं झालं होतं, म्हणून जे पाहायचं ते अगदी समोर घेऊन पाहायची. आणि प्रत्येक वेळी धावत भाऊजींकडे यायची. "अवो, चाला न! मासे पाण्यातून उडून राहिले!"

"मी उठलो त जागा जाईन. तू पाह्य, अन मंग मले सांग."

हे भाऊजींचं ठरलेलं उत्तर. ताई जायची, पाहायची, येऊन सांगायची. ते मान डोलवायचे आणि नजर खुर्च्यांवर ठेवायचे.

शेवटच्या संध्याकाळी जहाजाच्या पुढच्या टोकाला सूर्यास्त पाहायला झुंबड उडाली. ताई पुन्हा आली. या वेळी तिने त्यांचा हात धरला. "आज तरी चाला. तिथून समदा समुद्र दिसते."

"तिथी खुर्च्या आहेत काय?"

"नाही. कठड्याले धरून उभं राहा लागते."

"मंग उभं कायले राहाचं? इथी एवढी मस्त जागा धरून ठेवली न तुह्यासाठी." ते अगदी मायेने म्हणाले, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. "समुद्र कुठी पळून जाऊन राहिला? पुढच्या साली येऊ."

मी बॅगा बांधायच्या घाईत होतो, बायको खाली होती. ताई एकटीच गेली. काळोख पडल्यावर परत आली, भाऊजींनी राखलेल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मस्त आहे जागा." सकाळी मुंबईचा धक्का आला.

पुढचं साल आलं, पण तोवर ताईची नजर गेली होती. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी डोळ्यांचा दाब वाढू नये म्हणून भाऊजी तिला तपासायला भंडाऱ्याला आणतात, आमच्याकडे मुक्काम करतात आणि संध्याकाळी पूल ओलांडून कारध्याला नदीकाठी घेऊन जातात. परवा मीही गेलो होतो. घाटावर कुणीही नव्हतं. तरी भाऊजींनी पायरीवर दुपट्टा पसरला, त्यावर ताईला बसवलं आणि या खेपेला तिच्या शेजारी, पाण्याकडे तोंड करून स्वतः बसले.

"तुमी पाहा, अन मले सांगा," ताई म्हणाली.

भाऊजींना सांगता येत नाही हो. आयुष्यभर त्यांनी लोकांना समोर बसवलं, स्वतः समोर पाहिलंच नाही. बराच वेळ डोळे बारीक करून ते म्हणाले, "लाल आहे."

"कसा लाल?"

"पिकल्या टेंभराच्या फळावानी. भंडाऱ्याच्या घरायच्या मांगं चालला."

ताई हसली. मग तीच सांगू लागली, त्या संध्याकाळच्या समुद्राबद्दल. पाण्यावर जहाजापर्यंत आलेली ती लांब चमकती वाट, शेवटच्या क्षणी चूप झालेले लोक. न पाहिलेला समुद्र भाऊजी नजर गेलेल्या बायकोकडून पाहत होते. मला तिथं बसवेना आणि उठवेना.

"लय गर्दी होती काय?" भाऊजींनी विचारलं.

"मोप होती. कठड्यावर म्या माही शाल टाकून ठेवली होती, बाजूले. एक बाई मांगत होती जागा. म्या नाही देल्ली. म्हटलं, आमचे येऊन राहिले."

भाऊजींनी दुपट्ट्याचं टोक उचललं. त्या दुपट्ट्याने डोळे पुसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पलीकडे भंडाऱ्याचे दिवे लागले होते, नदी काळी दिसत होती.

"बुडला काय सूर्य?" ताईने विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "आहे अजून थोडासा. बस."