फळ्याचा उजवा कोपरा

चिखलीच्या गावठाणात कोण गेलं, माती कधी, हे आम्हाला चौकातल्या फळ्यावरून कळायचं. साळवे गेला ते मात्र मोबाइलवर कळलं. सकाळी चहा घेत होतो, नातीनं फोन पुढं केला. साळव्याचा फोटो, त्याला हार, खाली दोन मेणबत्त्या. माझा विश्वास बसला नाही. मोबाइलवर काय, कुणीही कुणालाही मारतं. पायात चपला सरकवून चौकात गेलो. फळ्यावर आदल्या दिवशीचीच बातमी होती, त्याच्याच ठसठशीत अक्षरात... रेशन दुकान उद्या बंद. बाकी काही नाही. मग माझ्या ध्यानात आलं की साळवे गेल्याचं फळ्यावर लिहिणार तरी कोण? लिहिणारा तर तोच होता. तिथंच कट्ट्यावर बसून राहिलो.

आता काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, तात्या, तुम्ही त्याचे दोस्त, तुम्ही लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण लिहिता येतं मला. आणि दोस्त म्हणजे तरी काय, आमचं कधी पटलं नाही. यशवंत साळवे कामगाराचा पोरगा. बाप पिंपरीत कंपनीत होता. हा छापखान्यात मशीन चालवायला शिकला आणि तरुणपणी आखातात गेला, तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात. परत आल्यावर चाकणला खोकी छापायच्या कंपनीत लागला आणि तिथूनच रिटायर झाला. आमच्या घराण्याची इथं पूर्वी शेती, आता तिथं पत्र्याच्या शेड आहेत, भाड्यानं दिलेल्या. त्यातल्या एका शेडची भिंत चौकात येते. रिटायर झाल्यावर साळवे माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तात्या, तुमची भिंत द्या. फळा लावायचाय."

"कशाला? सुविचार लिहायला?"

"न्हाई. बातम्या. गावच्या."

"गावच्या बातम्या गावाला ठाऊक असत्यात की."

"ठाऊक असत्यात, पण सगळे कानात बोलत्यात," तो म्हणाला.

मी भिंत दिली. का दिली ते मला आजही सांगता येणार नाही. रिकामी होती म्हणा. त्यानं फळा लावला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात खडूनं चौकट आखून वर लिहिलं, 'हा कोपरा तुमचा'. ज्याला बातमी पटली नाही त्यानं तिथं लिहायचं. त्यासाठी कोपऱ्याखालच्या फळीवर तो रोज एक अख्खा, न मोडलेला खडू ठेवायचा. स्वतः मात्र बोटात धड धरता न येणाऱ्या तुकड्यांनी लिहायचा. सुरुवातीला कुणी त्या कोपऱ्याकडं फिरकलं नाही. मग मीच एक दिवस बातमीखाली लिहिलं, 'खोटं हाय'. बातमी खरी होती की खोटी ते सोडा, भिंत माझी होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यानं नवी बातमी लिहिली होती, पण माझं 'खोटं हाय' तसंच ठेवलं होतं. मग मला सवयच लागली. फिरायला निघालो की 'खोटं हाय' लिहूनच पुढं जायचो. लोक आधी माझा कोपरा वाचायचे, मग वर बातमी.

संध्याकाळी कट्ट्यावर आमचं जुंपायचं. माझं म्हणणं सरळ होतं. या देशाला एक दांडगा माणूस पाहिजे, सगळ्यांची तोंडं बंद, मग बघा कामं कशी होतात. त्यावर तो आखातातलं सांगायचा. तिथं राजा. रोज पहिल्या पानावर राजाचा फोटो, आणि त्या फोटोचा चेहरा जरा काळपट आला तरी अख्खं मशीन थांबवायचे.

"रस्ते कसे व्हते?" मी विचारायचो.

"गुळगुळीत."

"नळाला पाणी?"

"चोवीस तास."

"मग राव, अजून काय पायजे?"

"काही न्हाई. पाणी गेलं असतं तर पेपरात आलं नसतं, एवढंच."

असा माणूस. त्याला चिडवायला जावं तर तोच चहा मागवायचा.

एकदाच तो सविस्तर बोलला. तिकडं कामगारांची एक बस उलटली होती. त्यात आपल्याकडची पोरं होती, त्याच्या शेजारच्या खोलीतली. कुणीतरी धीर करून बातमी घेतली, पान लागलं, छपाईची प्लेट मशीनवर चढली. साळव्यानं ती स्वतः चढवली. तेवढ्यात वरून एक साहेब आला. ओरडला नाही, रागावला नाही. प्लेट उतरवायला सांगितली. दुसरी आली, तिच्यात त्या जागी फुलांच्या प्रदर्शनाचा फोटो. साळव्यानं तीही चढवली. सगळ्यांसाठी चहा आला...

मी म्हटलं, "निदान जागा कोरी तरी ठेवायची व्हती. लोकांना कळलं असतं, इथं कायतरी व्हतं म्हणून."

"कोरी जागा म्हणजे तक्रार झाली की, तात्या. तिथं कोरं बी ठेवू देत न्हाईत. आन पुढं पुढं तर तो साहेब यायचाच बंद झाला."

"का? सुधारला?"

"गरजच पडंना. लिहिणारेच आधी गाळायला लागले."

मी त्यावरही काहीतरी उलटंच बोललो असणार. आता आठवत नाही. पण फुलांचा तो फोटो काही डोक्यातून जात नाही.

मग गेल्या पावसाळ्यानंतर नळाला गढूळ पाणी यायला लागलं. आमच्या घरात बायको फडकं बांधून गाळायची, तरी वास जात नव्हता. पोरांना जुलाब. एके दिवशी फळ्यावर आलं : 'रस्ता खोदताना पाण्याचा पाइप फुटला. तो तसाच बुजवला. गटाराचं पाणी आत जातंय. ठेकेदारानं उत्तर द्यावं.' ठेकेदार म्हणजे माझा पुतण्या, संतोष. सगळ्या चौकात त्याच्या फोटोखाली 'भावी नगरसेवक' लिहिलेलं असतं, तोच.

संतोष घरी आला. "तात्या, भिंत कुणाची?"

"माझी."

"मग पुसा की ते. इलेक्शन तोंडावर हाय माझं."

"फळा साळव्याचा हाय. खाली कोपरा हाय, खडू हाय. तुझं काय म्हणणं आसंल ते लिही जा."

"मी? फळ्यावर? मी काय शाळेत हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर फळाच दिसेना. त्याच्यावर संतोषच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, गॉगल घातलेला, हात जोडलेला. वाढदिवस अजून कितीतरी महिने लांब! माझं डोकं फिरलं. पाण्यासाठी नाही, खरं-खोट्यासाठी नाही... माझ्या भिंतीवर मला न विचारता? घरून कोयता आणला आणि सगळ्यांसमोर दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली पडला तशी बातमी परत दिसायला लागली. साळवे कट्ट्यावरून नुसता बघत होता.

"बघ तुझी लोकशाही," मी त्याला म्हटलं. "राजा परवडला."

"इथं त्यांना झाकावं लागतंय, तात्या," तो म्हणाला. "आन झाकलेलं काढाया तुमच्यासारखा आडमुठा गावतोय. तिकडं दोन्ही लागत न्हाई." मग कोपऱ्याकडं बघून म्हणाला, "आज रिकामा का ठेवलाय?"

"खडू न्हाई," मी म्हटलं. फळीवर अख्खा खडू होता. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

पुढं लोक फळ्यापाशी थांबायला लागले, बायका हंडे घेऊन संतोषच्या ऑफिसपुढं गेल्या, आणि त्याला रस्ता परत उकरून पाइप बदलावा लागला. संतोष अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलला तर न बोलला.

साळवे झोपेतच गेला. मंडळाच्या पोरांनी रीतीप्रमाणं श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला. साळव्याचा फोटो, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे त्याच्याहून मोठे, त्यात संतोषही. आणि लावला कुठं? चौकात सगळ्यात दिसणारी जागा कुठली, तर फळा. पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्या माणसानं रिटायर झाल्यापासून झाकलेलं उघडं केलं, त्याच्याच तोंडानं त्याचा फळा झाकला. साळव्याच्या घरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत मी थांबलो. मग पुन्हा कोयता घेतला. या वेळी लोक चिडले. "तात्या, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा," एक जण म्हणाला. तेवढ्यात साळव्याची मुलगी आली, पिंपळे सौदागरला असते ती. तिनं दुसऱ्या बाजूची दोरी सोडली, आणि आम्ही दोघांनी फ्लेक्सची घडी घातली.

फळा इतके दिवस झाकलेला होता, त्यामुळं रेशनची ओळ तशीच राहिली होती. ती मी हातानं पुसली. हाताला लागलेली पांढरी भुकटी बराच वेळ झटकली नाही. मग लिहिलं, 'यशवंत साळवे गेले'. उशिरा का होईना, बातमी फळ्यावर आली.

तेव्हापासून फळा मी लिहितो. अक्षर माझं वाकडं आहे, पण वाचता येतं. कोपरा आखतो, खाली अख्खा खडू ठेवतो. परवा लिहिलं होतं, 'ओढ्याकडेला कारखान्याचा कचरा जाळतात'. मी स्वतः बघितलंय, माझ्या डोळ्यांनी. काल सकाळी गेलो तर कोपऱ्यात कुणीतरी चांगल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलेलं, 'खोटं आहे'.

अंगाचा तिळपापड झाला. भिंत माझी, फळा आता माझाच, डस्टर हातात. आजूबाजूला कुणी नव्हतं. पुसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, तिथं काही होतं म्हणून. हात फळ्यापर्यंत गेलाही होता...

वरची बातमी मी पुन्हा ठळक केली. कोपऱ्याला हात लावला नाही. लिहिणाऱ्यानं खडू मोडून ठेवला होता. ते तुकडे मी माझ्यासाठी घेतले आणि फळीवर नवा, अख्खा खडू ठेवला.