आरशामागचं अंतर

"चिन्ह कुठलं?"

खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर थांबवून सर हा प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. नुसत्या आकड्यात त्यांना रस नसे. "आकडा कुणीबी काढंल. ऋण का धन, ते आधी सांग."

आमची शाळा कडा गावापासून थोडी आडबाजूला. मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. त्यामुळे माझा वर्ग कविता ऐकता ऐकता आरशाचं सूत्रही पाठ करायचा. मलाही ते येऊ लागलं होतं. आरशाच्या मधल्या बिंदूला ध्रुव म्हणायचं, सगळी अंतरं तिथून मोजायची. उजेड आरशाकडे ज्या दिशेनं येतो त्या दिशेचं अंतर धन, उलट दिशेचं ऋण. वस्तू आरशासमोर असते, म्हणून तिचं अंतर कायम ऋण.

"पण सर, हे ठरवलं कुणी?" मी एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं.

"तुमचं ऱ्हस्व-दीर्घ कुणी ठरवलं?" ते म्हणाले. "सगळ्यांनी एकच पाळलं म्हंजे भांडण न्हाई."

असा एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. दिसेल त्या वस्तूत त्याला धडा दिसतो आणि बाजूचे लोक हसतात, हे त्याच्या लक्षातही येत नाही. दुष्काळाच्या त्या साली अर्धे आई-बाप ऊसतोडीला गेलेले होते आणि जनावरं चाऱ्याच्या छावणीत होती. दूध संघाकडे दूध येईना, म्हणून संघाचा स्टीलचा टँकर गावोगाव पाणी टाकत फिरू लागला. आमच्या शाळेपुढच्या विहिरीत तो रिकामा व्हायचा. सरांनी टँकरच्या चकचकीत पोटासमोर दहावीचा अख्खा वर्ग उभा केला. सगळे बुटके आणि रुंद दिसू लागले.

वैशाली, त्यांची एकुलती मुलगी, त्याच वर्गात होती. शाळेत तीही त्यांना सरच म्हणायची. ओढणी तोंडाला लावून ती म्हणाली, "सर, तुमी लई बुटके दिसताय."

"हे नळकांडं हाय," सर गंभीरपणे म्हणाले. "खरा बहिर्वक्र आरसा बघायचा तर ड्रायव्हरच्या बाजूचा बघा. त्यात मागचा सगळा रस्ता मावतो. पण माणूस बारीक दिसतो, म्हणून हाय त्यापेक्षा लांब वाटतो."

ड्रायव्हर खिडकीतून ऐकत होता. चौसाळ्याकडचा, मध्यमवयाचा, अबोल माणूस. तोही हसला.

उन्हाळा वाढला तशी विहिरीवरची रेटारेटी वाढली. टँकर मागे यायच्या आधीच बायका-पोरी घागरी घेऊन काठावर धावायच्या. एका सकाळी शाळा भरायच्या वेळेला टँकर मागे आला, आणि वैशाली चाकाखाली गेली.

मी पोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलं होतं. एकाच्या हातात बैलगाडीचा खुंट होता. गर्दी बाजूला झाली, कारण सर आले. ते आधी मुलीजवळ गेले, बसले, तिची ओढणी नीट केली. मग उठून ड्रायव्हरसमोर उभे राहिले.

"आरशात दिसली होती का?"

ड्रायव्हरच्या तोंडातून रक्त येत होतं. "दिसली सर," तो म्हणाला. "पण लई लांब दिसली."

सर वळले. "सोडा त्याला," ते लोकांना म्हणाले. "खरं बोलतोय तो."

खुंटवाला ओरडला, "सर, तुमची पोरगी हाय ती."

"म्हणूनच सांगतो. सोडा."

लोकांनी सोडलं. पोलिसांनाही सरांनी तेच सांगितलं आणि पुढे संघाच्या चेअरमनलाही. काही महिन्यांनी ड्रायव्हर परत कामावर आला. गावाला ते रुचलं नाही. सरांच्या बायकोला, वहिनींनाही रुचलं नसावं, त्या कुणाशी बोलायच्याच नाहीत.

नव्या वर्षी आरशाचा धडा आला. हेडमास्तर म्हणाले, "मी घेतो." सर म्हणाले, "माझाच हाय तो."

पत्र्यापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. पुस्तकातलं उदाहरण नेमकं गाडीच्या आरशाचंच. मागून येणाऱ्या बसची प्रतिमा कुठे पडेल? सरांनी सावकाश मांडणी केली. वर्गातून उत्तर आलं, "धन, सर." म्हणजे आरशाच्या मागे.

एका मुलीनं विचारलं, "सर, आरशामागं तर काईच नसतं. मग अंतर कशाचं?"

"मागं काही न्हाई," सर म्हणाले. "उजेडबी तिथवर जात न्हाई. पण आपल्याला ती तिथंच दिसते."

माझ्या वर्गात कविता वाचणारा मुलगा थांबला. मी त्याला वाच म्हणालो नाही.

तेव्हापासून टँकरचा आवाज आला की सर वर्ग सोडून बाहेर जायचे. लोकांना काठापासून दूर करायचे आणि टँकरच्या मागे, आरशात दिसेल अशा जागी, हात वर करून उभे राहायचे. हात हलला की टँकर मागे यायचा, मूठ मिटली की थांबायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

एकदा ड्रायव्हर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "त्यांना नगा म्हणा सर. आरशात ते दिसले की त्यांच्या बाजूला बघायचं भ्या वाटतं मला."

मी निरोप दिला. सर म्हणाले, "त्याला म्हणावं, मीबी तिकडंच बघतो."

पुढे पाऊसपाणी झालं, टँकर बंद झाले. सर निवृत्त होऊन धर्मापुरीजवळच्या आपल्या गावी गेले. ते वारले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो होतो.

स्वच्छ, दोन खोल्यांचं घर. बराच वेळ बसल्यावर माझ्या लक्षात आलं, घरात कुठेच आरसा नव्हता. सरांच्या कानाखाली दाढीचे पांढरे खुंट राहून गेले होते.

वहिनी देवळात निघाल्या होत्या. करंड्यातलं कुंकू त्यांनी बोटानं अंदाजानं लावलं आणि सरांसमोर येऊन खाली बसल्या. सरांनी कप बाजूला ठेवला, चष्मा पुसला.

"जरा डावीकडं," ते म्हणाले.

"तुमच्या का माझ्या?"

"तुझ्या."

वहिनींनी बोट हलवलं. सर बघत राहिले. चहावर साय धरली तरी दोघांतलं कुणी उठलं नाही.