आवाजावर उगवणारी वांगी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ मी नोंदवून ठेवली आहे, कारण नेमक्या त्या क्षणी माझे फुवा हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि माझ्या प्रयोगशाळेत एखादी लूम आहे का, असे त्यांनी विचारले. सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लूम का असावी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. निसर्गाचे सारे नियम आपल्या संमतीने चालतात आणि शास्त्रज्ञ मंडळी ते केवळ उशिरा लिहून घेतात, अशी ज्याची निःशंक खात्री आहे असा मनुष्य मी आजवर एकच पाहिला आहे, आणि दुर्दैवाने तो माझ्या आत्याचा नवरा आहे.

आमच्या खानदेशी घरांत आत्याला फुई आणि तिच्या यजमानांना फुवा म्हणतात. हे फुवा एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांपैकी एकतीस वर्षे त्यांनी सुरतेच्या उधन्यातील एका पावरलूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मास्टर म्हणून काढली. म्हणजे बिघडलेल्या लूम दुरुस्त केल्या आणि न बिघडलेल्यांवर संशय घेतला. निवृत्तीनंतर लूम सुटल्या, संशय शिल्लक राहिला, आणि तो त्यांनी भाजीपाल्याच्या सेवेस वाहिला. भेस्तानच्या घराची गच्ची आणि पलसाण्याच्या रस्त्याला एका मित्राच्या शेताच्या कडेची पाच गुंठ्यांची पट्टी, एवढे त्यांचे साम्राज्य. संक्रांत सरून वालपापडीचे वेल उतरले की तेथे उन्हाळी भाज्यांची तयारी सुरू होते आणि आमचे नातेवाईक फोन उचलणे कमी करतात. शेणखत फुईच्या पिठाच्या चाळणीने चाळले जाते. कुंड्यांचे काम करणाऱ्या निळ्या पिंपांत पूर्वी कोणते रसायन होते, असे मी एकदा विचारले, तेव्हा "धुयेल शेतस" म्हणजे धुतलेली आहेत, एवढीच माहिती मिळाली; आमच्या व्यवसायात याला विश्लेषण म्हणत नाहीत. दोन ओळींतील अंतर चव्वेचाळीस इंच असते, कारण ज्या कापडावर ते जगले त्याचा पन्हा तेवढा होता. पाणी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, कारण शिफ्ट तेव्हा बदलते. भेंडीही शिफ्टमध्ये काम करते, हे वनस्पतिशास्त्राला अद्याप कळलेले नाही. एखादे रोप मेले की "तार तुटली" असे बजावत ते जिना उतरतात आणि दहा मिनिटांत त्या जागी दुसरे रोप उभे करतात. पान उन्हाकडे धरून त्यातला दोष ते अशा नजरेने शोधतात की त्या पानाची तागा तपासणाऱ्या टेबलावर आल्याची समजूत व्हावी. काकडीचा मांडव टाकाऊ पॉलिस्टर सुताचा. गेल्या खेपेस तो उन्हात इतका झळाळला की समोरच्या बाईंनी घरात लग्न कुणाचे निघाले, अशी चौकशी केली. आणि माझे वय सव्वीस असल्यामुळे फुईने ती चौकशी पुढचे दोन महिने माझ्याविरुद्ध वापरली.

लूमच्या गोंगाटाने त्यांचे कान बरेचसे गेले आहेत. त्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अलीकडे जगच हळू बोलू लागले आहे. परिणामी मिरचीच्या रोपाला दिलेला खासगी सल्ला तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो. त्याच गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालणारी फुई यावर फारसे बोलत नाही. एकदाच म्हणाली, "इतला वरीसमा मन्हासंगे बोलना नही, इतलं वांगासंगे बोलस."

परंतु हे सारे किरकोळ. फुवांचा मुख्य सिद्धांत असा, की वांग्याचे बी आवाजावर उगवते. गावाहून सुरतेला येताना त्यांच्या आईने भरताच्या लांबट, हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचे बी बरोबर दिले होते. भाड्याच्या खोलीत ते काही केल्या उगवेना. वैतागून त्यांनी मातीचा एक डबा कारखान्यात नेऊन आठ नंबरच्या मशीनच्या पायाशी ठेवला, आणि सहाव्या दिवशी त्यात रोपे उभी राहिली. तेव्हापासून दर फेब्रुवारीत नऊ दिवस आठ नंबरच्या पायाशी बियांचा डबा ठेवण्याचा परिपाठ पडला, तो निवृत्तीनंतरही चालू राहिला. शेठही त्यांना अडवीत नसे. मोटरची ऊब, कारखान्यातील दमटपणा, दिवसरात्र जवळजवळ स्थिर राहणारे तापमान, हे सर्व मी त्यांना आकृती काढून समजावले होते. त्यांनी शांतपणे ऐकले, म्हणजे ऐकू आले तेवढे ऐकले, आणि विचारले, "मोटर बंद व्हयनी म्हंजे गरमी जास ना?" मी होकार दिला. "आवाज बी जास ना?" तोही मला नाकारता येईना. "मंग," असे म्हणून ते चहाला बसले. दोन गोष्टी एकत्र घडणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतील भेद मी पदव्युत्तर वर्गात शिकले आहे. तो 'मंग' या शब्दासमोर टिकत नाही, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

तर त्या रविवारी झाले होते ते असे. आदल्या दिवशी फुवा डबा घेऊन उधन्याला गेले, तेव्हा कारखान्यात एकही लूम नव्हती. शेठच्या मुलाने जुनी यंत्रे भंगारात काढून जागा पार्सलांच्या गोदामाला दिली होती. आठ नंबर जिथे उभी होती, तिथे पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. एरवी फुवांनी या घटनेवर शेठच्या मुलाला तासभर सुनावले असते. पण पुरचुंडीत जे होते ते शेवटचे होते. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांनी वांगी लावलीच नाहीत. गावी त्यांच्या भावाने रोपवाटिकेतून संकरित रोपे आणायला सुरुवात केल्याला बरीच वर्षे झाली. घरचे ते वाण तिथे कुणाकडे उरलेले नाही. उरले ते केवळ सुरतेच्या एका डब्यात, आणि तो डबा वर्षभर शेगडीच्या वरच्या फळीवर वाफ खात बसला होता. तिथे तो कोणी ठेवला, असे विचारले की फुईला पापड आठवतात. फुवांनी सारे बी पाण्यात टाकून पाहिले. तरंगले ते फोल. तळाशी बसले ते चोवीस.

चोवीस बियांवर प्रयोग करू नये, हे मला ठाऊक होते. तरीही मी प्रयोग मांडला, कारण त्या वेळी पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी चालू होती आणि जगातील प्रत्येक प्रश्न मला दोन गटांत विभागलेला दिसत होता. बारा बिया माझ्याकडे, प्रयोगशाळेच्या सत्तावीस अंशांवर स्थिर राहणाऱ्या कपाटात, आवाजाविना. बारा फुवांकडे, गच्चीवरील थर्माकोलच्या पेटीत, बल्बच्या उबेवर, आवाजासह. फुवांना ही विभागणी पसंत पडली; दोन मशीन आणि एक मास्टर, असा त्यांनी तिचा अर्थ लावला. मात्र त्या कपाटात एरवी सांडपाण्याच्या बाटल्या तीन-तीन दिवस राहतात, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "गटारना पानीजोडे मन्हं बी?" एवढेच ते म्हणाले, आणि माझ्या शिक्षणावर झालेल्या साऱ्या खर्चाकडे एकदा पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

आता प्रश्न आवाजाचा. इंटरनेटवर लूमचे अनेक व्हिडिओ आहेत. मी एकेक लावत गेले आणि फुवा प्रत्येकाला तीन सेकंदांत नापास करत गेले: हे पाण्यावरचे मशीन, हे नवे, हे कुणीतरी नीट तेल न दिलेले. आठ नंबर दर चौथ्या ठोक्याला किंचित लंगडत असे. ती लंगड हवी. ती कुणाकडेही नोंदलेली नव्हती. एकतीस वर्षांत एकदाही रेकॉर्ड का केले नाही, असे मी विचारले, तेव्हा पापड लाटता लाटता फुईने उत्तर दिले. "जो आवाज कान खाई गया, तो कोन भरी ठेवस?" त्यानंतर फुवांनी तिच्या हातातले लाटणे काढून घेतले, तेलाचा पत्र्याचा डबा पालथा घातला आणि आठ नंबर स्वतःच सुरू केली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दुपारी जेवणाची अर्धा तास सुटी. खट, खट, खट, आणि चौथा ठोका जरा उशिरा. भेस्तानच्या त्या गल्लीत पापड थांबले, शेजाऱ्यांची दुपारची झोप थांबली, आणि समोरच्या बाईंनी खिडकीतून अतिशय सौम्य आवाजात "मास्टर, हवे बस करो ने" अशी आता थांबण्याची गुजराती विनंती केली, जी फुवांना साहजिकच ऐकू आली नाही.

पाचव्या दिवसाची नोंद: दोन्ही गटांत शून्य. सातव्या दिवशी शून्य. नवव्या दिवशीही शून्य, आणि माझ्याकडून दिवसातून चार वेळा कपाट उघडले जाऊ लागले; हे मी इतरांना करू देत नाही. त्या संध्याकाळी मी शेताच्या पट्टीवर गेले. फुवांनी जमीन खणून, ढेकळे फोडून, खत मिसळून ठेवले होते आणि चव्वेचाळीस इंचांवर आळी केली होती. मी मोजली. चोवीस होती. एवढी उगवण ताज्या बियांचीही होत नाही, असे मी त्यांना शक्य तितक्या कोरड्या शब्दांत सांगितले, आणि कदाचित बी मेलेलेच असेल, हेही सांगितले. ते फावड्याची माती निपटत होते. "बी झोपेल शे, मरेल नही," ते म्हणाले. मग, मला न विचारता विचारावे तसे, "मरेल ऱ्हातं तर तू मले सांगतीस ना?" मेलेले असते तर मी सांगितले असते, असा त्यांचा माझ्यावर भरवसा होता. आई जाताना तिच्याकडे काय मागायचे राहून गेले, याची यादी प्रत्येकाकडे असते. फुवांना तिच्याकडून जे मिळाले होते ते त्या बारा आणि बारा दाण्यांत होते, आणि त्यातले निम्मे मी सांडपाण्याच्या शेजारी ठेवले होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कपाटातल्या माझ्या पेटीत मातीवर ठेवलेल्या सातव्या क्रमांकाच्या बीमधून पांढरे टोक बाहेर आले. मी फोन केला. फुवा तासाभरात पलसाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकावर हजर झाले आणि पाहुण्यांचे ओळखपत्र गळ्यात अडकवून, जणू ते तपासणीलाच आले आहेत अशा चालीने आत शिरले. मी निष्कर्ष वाचून दाखवला. आवाजासह, बारापैकी शून्य. आवाजाविना, बारापैकी एक. हा क्षण मी दोन आठवडे मनात रंगवला होता, आणि त्यातली विजयाची चव मी पुरेपूर घेणार होते. फुवांनी चष्मा कपाळावर सरकवला, ते टोक बराच वेळ पाहिले, आणि मग कपाटाच्या बाजूला तळहात टेकला. मास्टर लोक बिघाड असाच शोधतात. कान गेले तरी हात जात नाहीत.

"हाई चालू शे?"

मी सांगितले की चालू आहे, कारण बंद असते तर तापमान राहिले नसते.

"आठ नंबरसारखं नही," हात न काढता ते म्हणाले. "पन चालस."

तेव्हा मलाही जाणवले. कपाटात पंखा असतो, खाली कॉम्प्रेसर असतो. जाळी, पेटी, माती, सारे काही अखंड, बारीक थरथरत होते. पंधरा दिवस मी जिला शांतता म्हणत होते तिच्यात बारा बियांनी एक क्षणही शांततेत घालवला नव्हता. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मला लिहावे लागले, की नियंत्रण गट पूर्णतः निःशब्द नव्हता. सबब निष्कर्ष काढता येत नाही. फुवांनी निष्कर्ष केव्हाच काढला होता. पण त्यांनी विचारले ते वेगळेच, एवढे एकच पुरेल का हे. "एक पुरस का?"

वांग्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे एका झाडावरही वाण टिकू शकते, असे मी समजावू लागले. त्यांना ऐकू येत नव्हते. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. प्रयोगशाळेत मी मराठी बोलत नाही, आणि अहिराणी तर घरीही क्वचितच बोलते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि चार सहकाऱ्यांच्या देखत मोठ्याने म्हटले, "पुरस, फुवा."

दुसरे बी उगवलेच नाही. मार्चच्या मध्यावर ते एकुलते रोप चोवीस आळ्यांपैकी मधल्या एकात गेले. बाकीच्या तेवीस आळ्यांत फुवांनी गवार लावली. ओळीत खंड पडलेला त्यांना चालत नाही. मे महिन्यात पहिले वांगे धरले. फुईला भरीत हवे होते. तिला झाडाच्या दहा पावलांच्या आतही येऊ दिले गेले नाही. ते फळ पिवळे, मग तांबूस आणि अखेर खाण्याच्या पूर्ण पलीकडचे होईपर्यंत झाडावर राहिले, आणि जूनच्या अखेरीस आम्ही ते कापले, बी धुतले आणि सावलीत चार दिवस वाळवले.

मधल्या काळात मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता. ऑगस्टमध्ये मी सुरत सोडणार, हे मी त्यांना त्या दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून सांगितले. तिथेही असे कपाट आहे का, एवढेच त्यांनी विचारले. आहे, म्हटल्यावर त्यांनी ताटातल्या बियांचा ढीग सुरीच्या पात्याने दोन भागांत सारला आणि एक माझ्यापुढे ढकलला. नजरेने केलेले अर्धे हे अर्धे नव्हे, अशी हरकत मी घेतली. एकतीस वर्षांत आपली नजर एका तारेनेही चुकलेली नाही, असे त्यांनी मला ऐकवले. म्हणून मी दोन्ही ढीग मोजायला घेतले, आणि तो माणूस, ज्याची कुजबुजही तिसऱ्या गल्लीपर्यंत पोहोचते, तो पाऊण तास माझ्यासमोर मांडी घालून एक शब्द न बोलता बसला. आकडा चुकू नये म्हणून त्याने पंखासुद्धा बंद केला होता. त्यांच्या पाकिटावर मी लिहिले, ३९१. मग माझ्या पाकिटावर लिहिले, ४४६.